उजवी वेणी माझी

मुलीच्या केसांना मोहरीच्या तेलाचा वास यायला लागला आणि माझं डोकं फिरलं.

दोन हजार साल उलटून चार-पाच वर्षं झाली होती. आम्ही उल्हासनगरला भाड्याने राहत होतो. मी अंबरनाथला, मोरिवलीजवळच्या एमआयडीसीत, केसांचं तेल बनवणाऱ्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये कामाला होते. मुलगी दुसरीत होती. शाळा सुटली की मी येईपर्यंत ती समोरच्या सिंधी आंटींकडे थांबायची. आंटींची मुलं लग्न होऊन लांब गेलेली, त्यामुळे त्यांना वेळच वेळ. एवढी चांगली शेजारीण मिळाली म्हणून सुरुवातीला मी माहेरी, चामटोलीला, तिचं कौतुक सांगायचे.

आमच्या कारखान्याला सुट्टी शुक्रवारी आणि शाळेला रविवारी, त्यामुळे मायलेकींना निवांत मिळायची ती फक्त शुक्रवारची दुपार. खोबरेल तेलाची वाटी कोमट करून मी तिला पुढ्यात घेऊन बसायचे. डोक्यावर हात फिरायला लागला की ती आपोआप बोलायची. कोणी पेन्सिल चोरली, बाई कोणाला ओरडल्या, सगळं. आठवडाभर मी त्या अर्ध्या तासावर जगायचे.

एका शुक्रवारी वाटी घेऊन बसले, तर म्हणते कशी, "आज नको. आंटीने कालच लावलंय."

"तुझे सगळे केस चिकट झालेत," मी म्हणाले.

"आंटी तर मस्त लावते. मला झोपच येते."

अंगाचा तिळपापड झाला. दोन मुलं वाढवून झाल्यावर या बाईला माझी एकुलती एक कशाला हवी होती? बरं, भांडायचं तरी कशावरून? वेळ मला नव्हता, तो त्यांच्याकडे होता. मग मी तेलावरून भांडायचं ठरवलं, कारण तेलातलं मला त्यांच्यापेक्षा नक्की जास्त कळत होतं.

खोबरेल तेलात लॉरिक नावाचं फॅटी ॲसिड भरपूर असतं. त्याची साखळी आखूड आणि सरळ, म्हणून ते केसाच्या आत शिरतं आणि तिथल्या प्रथिनाला धरून राहतं. मोहरीच्या तेलातल्या इरुसिक ॲसिडची साखळी जवळजवळ दुप्पट लांब, वर मध्ये वाकलेली. ते आत फारसं जातच नाही, केसावर बसून चमक देतं. आणि केसाला पाणी काही कोणतंच तेल देत नाही. आहे तो ओलावा ते टिकवतं, आणि धुताना केस फुगून झिजतो ते खोबरेल बऱ्यापैकी थोपवतं. हे सगळं मी तावातावाने सात वर्षांच्या मुलीला समजावलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पण आंटीचे केस किती चमकतात!"

मग मी हट्टालाच पेटले. लॅबमध्ये दोन नमुने शेजारी ठेवून तपासतो, तसंच करायचं. मधोमध भांग पाडायचा. उजवी वेणी माझी, डावी त्यांची. सकाळी मी उजवीला खोबरेल लावणार, संध्याकाळी त्यांनी डावीला मोहरीचं लावायचं. हे सांगायला गेले तर आंटी पोट धरून हसल्या.

"बच्ची के बाल हैं, इसमें इतना दिमाग क्या लगाना! लेकिन ठीक है, तुम बोलती हो तो लेफ्ट साइड मेरी."

त्यांचं ते हसणं मला अजिबात आवडलं नाही. माझ्यासाठी ही थट्टा नव्हती.

महिनाभर हे चाललं. वर्गातल्या मुली वास घेऊन उजवं-डावं ओळखायच्या म्हणे. सकाळच्या घाईत माझे हात कसेबसे चालायचे, एक डोळा घड्याळावर असायचा, आणि ती "आई, दुखतंय" म्हणून मान आखडायची. शेवटी एका शुक्रवारी मी तिचे केस धुतले, वाळवले आणि तिच्याच हातात कंगवा दिला. डावे केस चमकत होते, पण कंगवा जागोजागी अडकत होता. उजवीकडे तो सरळ खाली आला. तिने दोनदा, तीनदा फिरवून पाहिला.

"मग, कोणतं तेल चांगलं?" मी विचारलं.

"तुझं," ती म्हणाली.

मला इतका आनंद झाला की त्या दिवशी मी शिरा केला. दुसऱ्या दिवशी कामात लक्ष नव्हतं. आता संध्याकाळीसुद्धा मीच तेल लावणार, कितीही दमले तरी लावणार, असं मनाशी घोळवत घरी आले आणि चप्पल काढून आधी फळीकडे गेले. खोबरेलाची बाटली जागेवर नव्हती.

समोरचं दार उघडं होतं. आंटी खाटेवर बसलेल्या, मुलगी खाली त्यांच्या गुडघ्यांना टेकून. माझी बाटली शेजारी उघडी ठेवलेली.

"देखो, तुम्हारा ही तेल लगा रही हूँ," आंटी मनापासून म्हणाल्या. "खुद लेके आई. बोली, मम्मी का अच्छा है, आप ये लगाओ."

त्यांची बोटं सावकाश फिरत होती. कसलीच घाई नव्हती. मुलगी वर्गातल्या पेन्सिल चोरणाऱ्या मुलीचं काहीतरी सांगत होती, ते मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"चल, घरी," मी म्हणाले.

तिने डोळेसुद्धा उघडले नाहीत.

"तू हो पुढे, आई. माझी एक वेणी राहिलीय."