अविनाशच्या नावाने कोण वाचते आहे?

विद्यापीठाने माझ्या साडभावाला फसवले. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण संत्र्याच्या व्यापारात आयुष्य गेलेल्या माणसाला गोलगोल बोलता येत नाही. अविनाशचा पासवर्ड त्याच्या वरिष्ठाने मागून घेतला, त्या पासवर्डने कोणीतरी परीक्षेचे गुण वाढवले आणि चोर म्हणून अविनाशला घरी बसवले. त्या अपमानातच तो गेला.

बातमी आली तेव्हा मी शेंदूरजनाघाटच्या एका बागेत उभा होतो. आंबिया बहाराच्या संत्र्यांचा सौदा तुटायच्या बेतात होता आणि बागवाल्यावर माझा आवाज चढला होता. तेवढ्यात शुभांगीचा, म्हणजे अविनाशच्या बायकोचा, माझ्या धाकट्या मेहुणीचा, फोन आला. "भाऊजी, हे उठून नाई राह्यले," एवढेच ती म्हणाली. सौदा तिथेच टाकून मी अमरावतीला निघालो. पोचलो तेव्हा अविनाश खुर्चीतच होता. समोरच्या कपातल्या चहावर साय धरली होती आणि संगणकाचा पडदा चालू होता. जणू उठून दार उघडेल आणि म्हणेल, "दादा, आज इकडं कसे काय?" ... तो पडदा त्या दिवशी कोणी बंद केला नाही. बरे झाले.

अविनाश तेल्हाऱ्याचा. घरी कापसाची शेती, पण हा शिकला आणि विद्यापीठाच्या संगणक विभागात लागला. पहिल्या भेटीत मी विचारले होते, "तू नेमकं करतं काय?" तो म्हणाला, "दादा, कुलपं लावतो." मी म्हटले, "मंग वाचमनच म्हन ना!" तो हसला. "वाचमनच. पन वाचमनले लोक घाबरतात तरी. मले कोनी मोजत नाई." विद्यापीठाची राखण बँकेपेक्षा अवघड, असे त्याचे म्हणणे. बँकेला भिंत घालता येते. विद्यापीठात हजारो पोरे आपापले मोबाईल घेऊन शिरणार, बाहेरचे पाहुणे येणार, प्राध्यापक घरून काम करणार, आणि सगळ्यांना सगळे उघडे हवे. "दादा, हा बिनकुंपनाचा बाग हाये. लोकायनं आत यावं हेच त्याचं काम. कुंपन घालता येत नाई, म्हनून एकेका झाडावर ध्यान ठेवा लागते."

दरवर्षी तो एक गंमत करायचा. थकबाकी जमा झाली आहे, इथे दाबा, अशी खोटी मेल तो स्वतःच सगळ्या प्राध्यापकांना पाठवायचा. मोठमोठे विद्वान झटकन दाबायचे आणि पडद्यावर याची समज यायची, की आज तुम्ही फसला असता. एकदा एक विभागप्रमुख घरी फोन करून याच्यावर ओरडले. फोन ठेवल्यावर हा मला म्हणाला, "पाहा दादा, मी फसवलं तर शिव्या. उद्या चोर फसवीन त्याले फोन कुठं लावसान?" आमच्या जुन्या दलालांची रुमालाखाली बोटे धरून भाव ठरवण्याची रीत त्याला फार आवडे. बाजूला उभ्या माणसालाही कळत नाही, काय ठरले ते. "तुमच्या मंडीतले अडाणी दलाल बरे," म्हणायचा. "आमच्याकडं पासवर्ड चिठ्ठीवर लिवून पडद्यालेच चिकटवतात."

असा माणूस, आणि त्याने पासवर्ड दिला. का दिला, ते मी सांगतो, कारण तेव्हा मी त्याच्याशेजारी बसलो होतो.

त्याची आई गेली होती. तेल्हाऱ्याच्या घरात पिठावर दिवा ठेवला होता आणि तो मुंडण करून ओसरीवर बसला होता. सुतकातला माणूस कचेरीत जाणार कसा? त्याच्या संगणक विभागाच्या प्रमुखाचा फोन आला. निकाल अडकला आहे, पोरांचे प्रवेश जातील, तुझा पासवर्ड सांग, तू आलास की बदल. मी हाताने खूण केली, नको. त्याने फोनवर हात ठेवला. "दादा, पोरायचा निकाल हाये. अन् मायच्या सुतकात कोनाले नाई म्हनू?" मग तो एकेक अक्षर सावकाश बोलत गेला. आत कोणी रडत नव्हते, कोणी बोलत नव्हते. त्या शांततेत ती अक्षरे अशी काही ऐकू येत होती की मला आजही वाटते, तो स्वतःचेच काहीतरी सोडून देत होता.

परत आल्यावर तो पासवर्ड बदलायला गेला. प्रमुख म्हणाला, "निकाल पूर्ण लागू दे. तू नसलास की काम अडतं." तोंडी हुकूम. आपल्याकडे साहेबाच्या तोंडी हुकमाला कोणी पावती मागत नाही. मी मात्र चिडलो होतो. "काहून बदलत नाई बे तू?" तो म्हणाला, "मी गुपचूप बदलला अन् निकाल अडला, तं दोष माह्यावरच." निकाल लागला आणि काही विद्यार्थ्यांचे गुण वाढलेले सापडले. चौकशीत त्याला विचारले, लॉगिन कोणाचे? माझे. पासवर्ड कोणाचा? माझा. मग काम कोणाचे? पुढचे ऐकायला कोणी तयार नव्हते. प्रमुख त्याच खोलीत बसला होता. अविनाशने त्याच्याकडे पाहिले, तर तो म्हणाला, "मला असं काही आठवत नाही."

अविनाश गेला आणि संबंधित व्यक्ती हयात नाही म्हणून चौकशी बंद झाली. दोष तसाच राहिला. त्याची मुलगी ऋचा अकोल्याला, याच विद्यापीठाच्या कॉलेजात शिकते. वर्गातला एक पोरगा तिला म्हणाला, "तुहे बाबा असते तं माहे बी दोन मार्क वाढवले असते ना?" ती रडली नाही. कॉलेज सोडते म्हणाली. आता सांगा, नाव म्हणजे काय असते ते.

तेरवी झाली आणि मग ते सुरू झाले. ऋचाच्या कॉलेजच्या मेलवर वडिलांच्या नावाने सूचना आली: आपला पासवर्ड कोणालाही सांगू नका. खाली त्याचे नाव, त्याचे पद. पोरगी गारठली. मी समजूत घातली की ही सूचना त्याने महिन्याच्या महिन्याला आपोआप जाईल अशी लावून ठेवली असेल, यंत्राला काय कळते, माणूस गेला म्हणून. पण याचा अर्थ खाते चालू होते. घरी बसवलेल्या माणसाचे खाते त्याच दिवशी बंद व्हायला हवे. हे तर मृत्यूनंतरही चालू!

शुभांगीने मला बोलावून घेतले. भर दुपार होती, खिडकीत ऊन होते. अविनाशच्या संगणकावर त्याची विद्यापीठाची मेल उघडीच होती. "भाऊजी, हात नका लावू. नुसतं पाहा," ती म्हणाली. न वाचलेल्या मेलची ओळ ठळक काळी असते आणि कोणी वाचली की बारीक होते, एवढे मला त्यानेच शिकवले होते. आम्ही दोघे खुर्च्या ओढून बसलो. वर सात-आठ ठळक ओळी. विद्यार्थ्यांच्या, जुन्या मित्रांच्या, काहींत नुसते 'श्रद्धांजली'. आणि पाहता पाहता पहिली ओळ बारीक झाली... मग दुसरी. कोणीतरी सावकाश वाचत होते. एक ओळ बारीक होऊन बराच वेळ तशीच राहिली, आणि मग नाहीशीच झाली. शुभांगीने माझा दंड धरला. "हेच असतीन का हो?" असे तिने विचारले आणि जन्मात कोणाला न भ्यालेला मी खिशातला मोबाईल चाचपू लागलो.

मी माझ्या मोबाईलवरून त्याच पत्त्यावर लिहिले: अविनाश, मी दादा. तू कोण आहेस? मेल आली. ठळक, काळी. थोड्या वेळाने ती बारीक झाली. मग तीही नाहीशी झाली.

भुतावर माझा विश्वास नाही. भूत मेल खोडत नाही, ते माणसाचे काम. शेजारच्या दोघांना बोलावून मी त्यांच्यादेखत पडद्याची चित्रफीत घेतली. मग बाजारात करतो तेच केले. भाव कोण फोडतो हे शोधायचे असेल तर बातमी एकाच दलालाच्या कानात घालायची आणि बाजाराकडे पाहत बसायचे. मी बायकोला सांगितले नाही, पोलिसांत गेलो नाही. शुभांगीला आणि त्या दोघा शेजाऱ्यांना गप्प राहायला सांगून विद्यापीठात फक्त प्रमुखाकडे गेलो. म्हटले, "अविनाशची मेल त्याच्या घरी उघडी आहे. कोणी वाचतं आहे ते आम्हाला दिसतं."

तो हसला. "तांत्रिक अडचण असेल. ते खाते केव्हाच बंद झाले."

"बंद हाये? मंग उघडते कोन?"

"तुम्ही दुःखात आहात. घरी जा, आराम करा."

मी घरी गेलो. शुभांगी दारातच उभी होती. मी रस्त्यात असतानाच पडद्यावर सूचना आली होती: आपला पासवर्ड बदलण्यात आला आहे. आणि आम्ही बाहेर फेकले गेलो होतो. अविनाशची मेल आता अविनाशच्या घरात उघडत नाही. खाते बंद झालेले नाही. मी पाठवलेली मेल आजही परत येत नाही, आत जाते. कुठेतरी ती ओळ ठळक असेल, आणि मग बारीक होत असेल...

जिवंतपणी त्याला जो पासवर्ड बदलू दिला नाही, तो त्याच्या तेरवीनंतर कोणीतरी बदलला. आता चित्रफीत पोलिसांकडे दिली आहे. ते म्हणतात, विद्यापीठाने नोंदी दिल्या तर पाहू. अविनाश सांगायचा, संगणक विसरत नाही. कोणत्या यंत्रावरून काय केले याची नोंद राहतेच. ती नोंद विद्यापीठाकडे आहे आणि मागूनही ती देत नाहीत. प्रमुखसाहेब, मी एकट्या तुम्हाला सांगितले होते. तुमच्या खोलीतून मी निघालो, तेव्हापासून शुभांगीच्या दारात पोचेपर्यंत त्या खात्यात कोण बसले होते? ती नोंद बाहेर काढा आणि नाव सांगा. माझ्या कानात नको. अकोल्याला त्या कॉलेजात जा, ऋचाच्या वर्गात उभे राहा आणि सगळ्या पोरांसमोर सांगा.