दाराबाहेरचं हार्मोन

"तू ॲड्रेनालिन. तू दाराबाहेर उभी राहा."

बीएस्सीचं दुसरं वर्ष, परभणीचं कॉलेज. सरांना धडा नाटक करून दाखवायचा होता. वर्ग म्हणजे पेशी. दार म्हणजे पेशीवरचा रिसेप्टर. हे हार्मोन आत येत नाही, बाहेरून रिसेप्टरला नुसतं चिकटतं. मग आतला निरोप्या, सायक्लिक एएमपी, पेशीभर धावतो. चाळीस जणांतून सरांचं बोट माझ्यावर थांबलं. म्हणाले, "हिला सवय असेल. यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या हेच."

वर्ग हसला. आणि मी गेले. लिहायची लाज वाटते, पण गेले. इंटर्नल मार्क त्यांच्या हातात होते.

दाराला हात लावला. निरोप्या झालेला मुलगा बाकांमधून पळाला, सगळे उठले, टाळ्या पडल्या. तास संपला. मला कुणी आत बोलावलं नाही.

तिथं उभं राहून आई आठवली. शेतमालकाच्या उंबऱ्याबाहेरून ती हाक मारायची, "वैनी, मी आलेय वो." आतून त्यांची पोर ओरडायची, "मम्मी, ती आली." ती. आईला नाव होतं. तिच्या एका हाकेवर अख्खं घर हलायचं, विळे निघायचे, बियाणं निघायचं. आई बाहेरच.

माझं काळीज धडधडत होतं, हात गार पडले होते. नाटक संपलं, पण खरं ॲड्रेनालिन अंगात उसळत होतं. पुस्तक म्हणतं, काम झालं की एक एन्झाइम निरोप्याला तोडून टाकतं, पेशी शांत होते. त्या हसण्याला तोडणारं एन्झाइम मला अजून सापडलेलं नाही. भाजी निवडतानासुद्धा ते ऐकू येतं.

आठवड्यानं कॉलेजच्या पाहणीला समिती आली. सर खुशीत. "चला ॲड्रेनालिन, बाहेर!"

मी बाकावरून उठले नाही.

"न्हाई सर. आज बाहेर तुमी उभं राहा. आतलं मी सांगते. मला समदं पाठ हाय."

कुणी हसलं नाही. मग उठले, खडू घेतला आणि शिकवलं. मागं सर दाराशी उभे होते. इंटर्नलला त्यांनी मला पासाच्या काठावर ठेवलं. ठेवू दे.

आज मी गंगाखेडला बारावीला हाच धडा शिकवते. कुणालाही दाराबाहेर उभं करत नाही. आईची हयात उंबऱ्याबाहेर गेली, ती मला परत आणता येत नाही. पण आता कुणाच्या दारातून मी हाक मारणार नाही. आत जाईन, खुर्ची ओढून बसेन, नाव सांगेन. आधी आईचं.