जिताडा उरला तेव्हा

आमच्या घरात मोठा मासा कधी शिजत नसे. बाबा कोपरच्या खाडीत जाळं लावायचे, आई तो माल डोंबिवलीच्या बाजारात विकायची आणि उरेल ते आमचं: बारकी बोय, नांगी तुटलेली चिंबोरी, मूठभर कोलंबी. जिताडा, खाडीतला सगळ्यात महागडा मासा, आम्ही फक्त आईच्या पाटीत पाहायचो. लहानपणी मला याचा भयंकर राग यायचा.

बाबा संध्याकाळी जाळं लावून यायचे आणि उजाडायच्या आत ते उचलायला जायचे. अंधारात उचललेला मासा होडीत तडफडत येतो. ऊन चढेपर्यंत राहिला, तर जाळ्यातच मरतो, डोळे पांढुरके होतात, पोट सैल पडतं. मग वर कितीही बर्फ घाला, गिऱ्हाईक फसत नाही. आईच्या मालाला कुणी बोट लावायची सोय नव्हती. “दाबतेस काय गो? मासा हाय, नवऱ्याचा गाल नाय!” ती ओरडायची. बायका हसायच्या आणि घ्यायच्या.

मी वागळे इस्टेटमध्ये नोकरीला लागले त्याच सुमारास बाबांचे गुडघे गेले. चिखलातून होडीपर्यंत जायलाच इतका वेळ लागे, की जाळं उन्हात उचललं जाई. थोड्या उशिराने काय बिघडतंय, असं ते स्वतःलाच समजावत असावेत. एका सुट्टीच्या दिवशी मी आईबरोबर बाजारात गेले. बायका मासे दाबत होत्या आणि आई गप्प होती. बोटाचा खड्डा भरून येत नव्हता. एकेक बाई पुढच्या पाटीकडे सरकत होती.

“बाबांना सांग ना,” मी म्हणाले.

“सांगशील तं बघ. जाळा सुटला तं घरान बसून काय करंल तो?”

घरी ती सांगायची, माल हातोहात गेला. न खपलेलं ती वाटेतच मांजरांना टाकायची. पण एकदा जिताडा उरला. तो टाकायला तिचा हात होईना. भरपूर चिंच आणि मसाला घालून तिने कालवण केलं आणि दुपारी बाबांच्या ताटात मोठा तुकडा वाढला.

बाबा ताटाकडे बघत राहिले. “यो खपला नाय?”

“खपत होता. पोरीला नोकरी लागली, म्हनून ठेवला.”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. नोकरी लागून वर्ष होत आलं होतं. मी मान डोलावली. त्यांनी एक घास खाल्ला, सावकाश चावला, मग सगळा तुकडा संपवला आणि आणखी एक मागून घेतला.

“ब्येस झालाय,” ते म्हणाले.

त्या संध्याकाळी जाळं खुंटीवरून उतरलं नाही. आई भांडी घासत होती. बाबा दारात येऊन उभे राहिले.

“उद्यापासून दुसऱ्यांच्या होडीचा माल घे. मी येतो बरोबर. ताजा कंचा, त्यो मी बघून देईन.”

आईने मान वर केली नाही. घासलेलाच टोप ती पुन्हा घासत राहिली. मला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं ज्याची आस धरली होती, तो जिताडा त्या दुपारी मीही खाल्ला, पण चवीला कसा होता, हे मला आजही सांगता येणार नाही.