शेवटची गोळी केव्हा घेतली?

मेश्रामबाई रोग्याचे नावसुद्धा नंतर विचारत. सुईला हात लावण्यापूर्वी त्यांचा एकच प्रश्न असे : "शेवटची गोळी केव्हा घेतली?" "सांजच्याले" एवढ्या उत्तरावर त्यांचे भागत नसे.

"सांजच्याले म्हणजे केव्हा गा? कोराडीची बस गेली होती का यायची होती?"

"गेली होती."

"मंग साडेसात झाले."

रक्ताच्या नळीवरच्या चिठ्ठीवर वेळ लिहून झाल्यावरच त्या दंडाला रबर बांधत. वीज केंद्रातला एक फिटर एकदा म्हणाला, "बाई, तुम्ही पोलिसात पायजे होत्या." "पोलिसाले खोटं चालते, मले नाही चालत," असे म्हणत बाईंनी सुई टोचली.

नागपूरच्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत मी त्यांच्या हाताखाली लागलो, तेव्हा सत्तरचे दशक संपत आले होते. मी कळमेश्वरच्या शाळेत शिकलेला, घराण्यातला पहिला बी.एस्सी. बाई मॅट्रिक. पण मला जे काम येते ते त्यांनी शिकवले. हृदय कमजोर झालेल्यांना डिगॉक्सिनची गोळी देत. थोडी कमी पडली तर धाप लागे, थोडी जास्त झाली तर तेच औषध विषासारखे भिने. गोळी घेतल्यावर काही तास रक्तातले प्रमाण चढलेले असते. तेव्हा काढलेले रक्त डॉक्टरांना फसवते. म्हणून बाईंचा तो प्रश्न. हे प्रमाण मोजायची सोय आमच्याकडे नव्हती. नमुना बर्फातून मुंबईला जाई आणि उत्तर यायला आठ-दहा दिवस लागत.

एकदा ग्रंथालयातल्या इंग्रजी नियतकालिकात मी वाचले, की परदेशात मास स्पेक्ट्रोमीटर नावाचे यंत्र रेणूंना वजनावरून ओळखते, रक्तातली औषधे त्याने मोजतात आणि पुढेमागे हे काम काही मिनिटांत होईल. बाईंना ते मराठीत सांगितले. हातातले काम सोडून त्या ऐकत राहिल्या.

"मिंटात? म्हणजे माणूस बाकावर बसून राहीन, अन् आपण त्याले तिथंच सांगू?"

"हो, बाई."

"मंग आन गा तसं यंत्र." पुन्हा कामाला लागत म्हणाल्या, "पण गोळी केव्हा घेतली, हे काही त्याले वजनावरून नाही समजनार." आम्ही दोघेही हसलो.

त्याच वर्षी माझे वडील, ज्यांना हीच गोळी चालू होती, रक्त तपासायला आले. मी शहरात खोली घेऊन राहत होतो. ते गावाहून एकटेच सकाळच्या बसने आले. रोज रात्री आठला, जेवण झाल्यावर ते गोळी घेत, हे मला ठाऊक होते. बाईंनी नळी माझ्या हाती दिली. "तुये बाबा हायेत, तूच घे." वडिलांची उलटतपासणी कशी करायची? मी न विचारताच चिठ्ठीवर लिहिले, 'काल रात्री आठ'.

मुंबईहून उत्तर आले : प्रमाण जास्त. डॉक्टरांनी गोळी निम्मी केली.

तीन आठवड्यांनी वडिलांना बसमधून दोघांनी धरून उतरवले. पाय सुजलेले, आडवे होता येत नव्हते. या वेळी बाई स्वतः त्यांच्यासमोर बसल्या.

"भाऊ, शेवटची गोळी केव्हा घेतली?"

"काल राती."

"अन् मागच्या खेपेले?"

"तवा तं निंघता निंघता सकाळीच घेतली होती, बाई. डॉक्टरले दाखवायले चाललो, अन् बिनागोळीचा कसा जाऊ? पोराची इज्जत हाय इथं."

बाईंनी माझ्याकडे पाहिले नाही. रक्त घेतले आणि तशाच डॉक्टरांकडे गेल्या. गोळी पुन्हा पूर्ववत झाली. वडील पाचव्या दिवशी गेले. त्या नमुन्याचे उत्तर नवव्या दिवशी आले : प्रमाण फार कमी.

तेरावे करून कामावर परतलो, तेव्हा लिफाफा टेबलावर होता. तो वाचून मी म्हणालो, "बाई, त्यांना मी मारलं."

त्या नळ्या धुवायला वळल्या. मग पाठमोऱ्याच म्हणाल्या, "मीनं विचारायले पायजे होतं. तुया बाप म्हणून तुया हाती देल्ला. अर्धं माह्याकडे राहू दे. तुले एकट्याले नाही उचलनार."

चूक कुणाचीही असो, त्या खरडपट्टी काढत; माझीही काढायला हवी होती. त्या दिवसापासून त्यांनी मला एकदाही रागावले नाही, आणि तेच मला सोसत नसे.

बाईंच्या हृदयाची झडप लहानपणच्या तापाने खराब झालेली होती, हे मला त्या निवृत्त झाल्यावर कळले. त्याही तीच गोळी घेत. यंत्राचा आमच्याकडे अजून पत्ता नव्हता. बाईंच्या शेवटच्या नमुन्याचे उत्तरही त्या गेल्यानंतरच आले.

तो नमुना घ्यायला वॉर्डात मीच गेलो होतो. चिठ्ठीवर त्यांचे नाव लिहिले. "हात द्या, बाई," मी म्हणालो. त्यांनी हात पांघरुणातच ठेवला. धाप लागलेली, बोलवत नव्हते. नजर मात्र माझ्यावरून हलत नव्हती. माझ्या लक्षात यायला वेळ लागला.

"बाई, शेवटची गोळी केव्हा घेतली?"

"काल... सव्वाआठले," त्या म्हणाल्या आणि हात बाहेर काढला.