आईच्या पायाचं माप

माझ्या अंगात धीर म्हणून नाहीच. कुकरची शिट्टी होईपर्यंत मी तीनदा गॅसपाशी जाऊन येते. असल्या बाईने ग्लासगोत चामडं शिवायच्या क्लासला नाव घातलं, हे ऐकून साताऱ्याहून आई फोनवर पोट धरून हसली. "अगं, तू? तुला साधं बटण लावायला दिलं तर दोरा तोडून टाकायचीस!"

पण चपला मला तिच्याचसाठी करायच्या होत्या. तिच्या उजव्या अंगठ्यापाशी हाड बाहेर आलं होतं. तीस वर्षं तिने खानावळीच्या पोळ्या लाटल्या, त्याही ओट्याशी उभं राहून. बसलेली आई मला आठवतच नाही. दुकानातली प्रत्येक चप्पल तिला त्या हाडावर चावायची आणि ती म्हणायची, "आमचे पायच मेले वाकडे, चपलेचा काय दोष?"

क्लास शनिवारी सकाळी, कम्युनिटी सेंटरच्या मागच्या खोलीत असायचा. शिकवणारे आजोबा जन्मभर घोड्यांची खोगिरं शिवत आलेले. मी मनातल्या मनात त्यांना मास्तर म्हणायचे. पहिल्या दिवशी त्यांनी चामड्याचा एक टाकाऊ तुकडा, दोन सुया आणि मेण लावलेला दोरा माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, सरळ रेघेत शिवा. दोन्ही बाजूंनी एकेक सुई, एकाच भोकातून. मी शिवलं. त्यांनी बघितलं, "परत" म्हणाले आणि निघून गेले.

असे सात शनिवार गेले. मी चिडायचे. सॉफ्टवेअरमध्ये चूक झाली तर मागे जाता येतं. कापडावर टाका चुकला तर उसवता येतो. चामड्याला आरीने एकदा भोक पाडलं की ते कायमचं, मग तुम्ही कितीही हळहळा. बोटं सोलून निघायची. सोमवारी ऑफिसात की-बोर्डवर हात ठेवताना डोळ्यांत पाणी यायचं. आईला सांगितलं तर म्हणाली, "उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग! शीक हळूहळू."

आणि मी शिकले. हीच तर गंमत झाली. मार्चमध्ये माझा पहिला जोड तयार झाला. तीन वर्षांपूर्वी आई इथे येऊन गेली होती, तेव्हा मी तिला बूट घेतले आणि तिच्या जुन्या चपला माझ्याकडेच राहिल्या. त्या समोर ठेवून अंदाजाने केलेला हा जोड. एका पायाचा पट्टा तिरका, टाके दारू प्यायल्यासारखे. व्हिडिओ कॉलवर मी तो लाजत दाखवला.

"अगंबाई, झाल्या की! दे पाठवून."

"छे, वाकड्या झाल्यात."

"इथे कोण बसलंय टाके मोजायला? मी घालते."

"नको म्हटलं ना. नीट करते. मला तुझ्या पायाचं माप पाठव. कागदावर उभी राहा, वहिनीला पेन्सिल फिरवायला सांग. उभी राहूनच हं!"

"बरं बाई," आई म्हणाली. "धीर नव्हता तेव्हा नव्हता, आता उतू चाललाय."

माप यायलाच ऑगस्ट उजाडला. आज काढते, उद्या काढते, असं आईचंच चाललं होतं. आमच्या ओळखीतल्या कुणीतरी पुण्याहून येताना तो कागद आणला. वर्तमानपत्रावर दोन पावलं. मी दोनदा फोन करून विचारलं, उभी होतीस ना? "हो गं, उभीच होते."

शनिवारी कागद मास्तरांपुढे पसरला. त्यांनी आईची जुनी चप्पल त्याच्यावर ठेवली. त्या चपलेत आईच्या पावलाचा ठसा काळा होऊन बसला होता, पाची बोटं, टाच, ते हाडसुद्धा. कागदावरचं पाऊल त्याच्यापेक्षा लहान होतं. लांबीलाही, रुंदीलाही.

"पाय तोच आहे," मास्तर म्हणाले, "पण ह्यावर भार नाही. ह्या उभ्या नव्हत्या."

मला रागच आला. माझी आई खोटं बोलत नाही, मी फटकन म्हणाले. मला खुर्चीत बसवून त्यांनी माझ्या पावलाभोवती पेन्सिल फिरवली, मग उभं करून पुन्हा फिरवली. दोन रेघा झाल्या. दुसरी मोठी.

मी बाहेर जाऊन जिन्यातूनच वहिनीला फोन लावला. ती आधी उडवाउडवी करत होती, मग रडायलाच लागली. "ताई, जूनपासून पायातली ताकदच गेलीय. दोघांनी धरलं तरी उभ्या राहात नाहीत. आईंनी शपथ घातली होती मला. म्हणाल्या, ती तिकडे एवढी शिकतेय, तिला सांगू नकोस."

जूनपासून रोज मी व्हिडिओ कॉलवर आईला बघत होते. रोज ती खुर्चीत बसलेली होती. आणि मी मेली तिला टाके दाखवत होते.

मी परत आत गेले. मास्तरांनी एवढंच विचारलं, कोणत्या मापाने कापायच्या? मी म्हटलं, उभ्या, जुन्या चपलेतल्या ठशाच्या. त्यांनी चामडं कापायची रापी माझ्या हातात दिली.

दिवाळीच्या आधी मी साताऱ्याला पोचले. आई पलंगाच्या कडेला बसली होती, पाय खाली सोडून. खाली बसून मी तिच्या पायांत चपला घातल्या. एकही टाका वाकडा नव्हता. त्या तिला ढिल्या झाल्या. डाव्या पायातली घसरून पडली, ती मी पुन्हा घातली.

"बघ," आई म्हणाली, "जन्मात पहिल्यांदा चप्पल चावत नाहीये." मग टाक्यांवरून बोट फिरवत राहिली. "सुरेख केल्यास हो. आणि त्या वाकड्या कुठायत?"

"तिकडेच आहेत. कपाटात."

"पाठवायच्या होत्यास गं," ती म्हणाली. "मार्चात मी अजून मारुतीच्या देवळापर्यंत जात होते."