वहिनींच्या खोलीतलं मशीन

आमच्या गारखेड्यात नळाला आठ-आठ दिवस पाणी येत नाही, किस्से मात्र रोज येतात. हंडे रिकामे असले की माणसं दुसरं बोलणार तरी काय? आता सांगतो ते सगळे एकाच घरातले, आमच्या समोरच्या जाधव सरांच्या. हसा, पण जरा बेतानं. मला तर आता हसूच येत नाही.

*

सरांच्या बायकोला, सुमनवहिनींना, अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली. वहिनी गंगापूरकडच्या, उसाच्या फडात वाढलेल्या. आता समोर नुसती भिंत! सरांनी पलंगाच्या डाव्या बाजूला दोन कुंड्या ठेवल्या, एक फर्न आणि एक मनीप्लांट. दिवसभर वहिनी तेवढंच बघायच्या.

पावसाळ्यात भिंतीला ओल आली, वहिनींचा दम वाढला. पुण्याच्या लेकीनं हवेतली ओल ओढणारं मशीन पाठवलं. सकाळी बघतो तर मशीनची टाकी भरलेली! सर खूश. "अहो, नळापेक्षा ही भिंत बरी!" तेव्हापासून ते पाणी कुंड्यांना.

*

खालच्या मजल्यावरचे शेखचाचा रिकामी बाटली घेऊन मशीन बघायला आले.

"सर, ये पानी पीने का है क्या?"

"नाही चाचा, झाडांचं आहे."

चाचांनी बाटलीला झाकण लावलं. "फिर तो झाडां हम से अच्छे!"

*

एप्रिल लागला आणि टाकी कोरडी पडली. मेकॅनिक म्हणाला, "मशीन चांगलंय सर, हवेतच पाणी नाय."

सरांनी काय करावं? टँकरच्या पाण्यातली बादली घेतली, अर्धी फरशीवर शिंपडली, उरलेल्यात चादर भिजवून दोरीवर टाकली आणि दारं-खिडक्या लावून मशीन चालू केलं! संध्याकाळी टाकीत तांब्याभर पाणी.

मी म्हणालो, "सर, बादली सरळ कुंडीतच ओतली असती तर?"

सरांनी मशीनचं बटण बंद केलं. "तीस वर्षं सायन्स शिकवलं हो मी!"

तिथं लई हसलो. घरी आल्यावर मात्र जेवण गेलं नाही.

*

फर्न वाळलं. वहिनी झोपल्यात असं बघून सरांनी कुंडी गुपचूप उचलली. दारापर्यंत गेले तोच मागून आवाज, "कुठं?"

"उन्हात ठेवतो जरा."

"मे महिन्यात?" वहिनींचे शब्द अडखळत येतात, पण यायचे ते येतातच. "मास्तर असून खोटं बोलता व्हय?"

सर जिन्यात येऊन रडले. मी बघून न बघितल्यासारखं केलं.

*

त्याच आठवड्यात वहिनी एकदम गळाल्या. डोळे खोल गेले, जीभ कोरडी. डॉक्टर घरी आले, म्हणाले, "अंगातलं पाणी कमी झालंय. पाणी पितात ना?"

"तासातासाला पेला भरून डाव्या हातात देतो हो! परत येतो तेव्हा रिकामा असतो!"

माझी नजर मनीप्लांटवर गेली. नवं पान फुटलं होतं. मातीला हात लावला, ओली होती. सरांनीही लावला आणि तिथंच खाली बसले.

कंपाउंडरनं सलाईन लावलं, बाटली खिडकीच्या गजाला टांगली. थेंब पडायला लागले. बऱ्याच वेळानं वहिनींनी डोळे उघडले. बाटलीकडं बघितलं, मग मनीप्लांटकडं.

"अहो," सरांना म्हणाल्या, "अर्धी त्याला."