आलापल्लीची तार

एकोणीसशे पन्नासनंतरच्या वर्षांत मी आलापल्लीहून सिरोंच्याकडे जाणाऱ्या टेलिफोनच्या तारेवर लाइनमन होतो. तारेसाठी सागवानातून सरळ पट्टी तोडलेली होती. झाडं गेली तिथं गवत माजलं, गवतावर चितळं आली, चितळांमागे बाकीची जनावरंही. जुन्या लाकडी खांबांची वाळवीनं पोखरलेली बुडं गवतात तशीच होती. शेजारी लोखंडी खांब उभे केले होते.

मोहफुलांचे दिवस होते. एका खांबावर तार अडकवायची चिनी मातीची वाटी फुटून तार लोखंडाला टेकली होती. बोलणं नीट जात नव्हतं. कमरेला पट्टा बांधून मी वर चढलो. सोबतचा खलाशी, म्हणजे लाइनवरचा मदतनीस, वरोऱ्याकडचा वयस्क गडी, खालून सामान देत होता. तेवढ्यात मोहाखालून अस्वल आलं, पाठीवर पिल्लू. खलाशी धावत पुढच्या खांबावर चढला. त्याच्याकडे पट्टा नव्हता. अस्वल दोन खांबांमधल्या मोहाखाली फुलं खात बसलं.

"बाबू, हात सुटून राह्यले माहे!" तो ओरडला.

"भाऊ, डोक्याचा दुपट्टा सोडा, खांबाशी बांधून घ्या!"

त्यानं कसंबसं बांधलं. मी तपासणीचा हातफोन तारेला जोडला. आलापल्लीचा कारकून म्हणाला, "लाइन केव्हा होते? साहेब खोळंबलेत."

"खाली अस्वल आहे. माणसं पाठवा."

"पाठवतो. आधी तार उचला."

मी वाटी बदलली. लगेच कानात स्वच्छ बोलणं येऊ लागलं. कुणी सागाचे ओंडके विचारत होतं, कुणी पाहुण्यांचं जेवण. मी मध्येच ओरडलो, "आम्ही अडकलोय!"

"कोण आहे मध्ये? बाजूला व्हा," एवढंच उत्तर आलं.

ऊन चढलं, लोखंड तापलं. नजर जाईल तिथवर खांबच. पट्टा रुतून पाय बधिर झाले. खलाशी बोलायचा थांबला तसा मी घाबरलो. त्याला घरचं विचारलं, कपाशीचं विचारलं.

"काय बोलू? मले पानी पायजे," तो म्हणाला.

दुपार कलल्यावर बांबू भरलेल्या बैलगाड्या आल्या. घुंगरांच्या आवाजानं अस्वल पिल्लासकट रानात शिरलं. गाडीवाल्या माडिया आदिवासींनी खलाशाला खांद्यावर घेऊन उतरवलं, तुंब्यातलं पाणी पाजलं. त्याच्या हातांवर, पोटावर फोड आले होते.

आलापल्लीहून कुणी निघालंच नव्हतं. "लाइन सुरू झाली, मला वाटलं उतरलात," परतल्यावर कारकून म्हणाला.

बरा झाल्यावर खलाशी नोकरी सोडून गावी निघाला. "तुमी काऊन राह्यता इथी?" त्यानं विचारलं. मी बदली मागितली, मिळाली नाही. मग त्याच पट्टीत मी एकटाच हिंडत राहिलो.